स्टेजकडचा पट्टा

सरांना पौष महिना फार आवडायचा. लग्नाच्या लॉनवर नोकरी करून ज्याला पौष आवडतो असा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. पौषात मुहूर्त नसतात, मांडव उभे राहत नाहीत, बुकिंगच्या खिडकीत माशा मारत बसावं लागतं. आमचे शेठ महिनाभर तोंड पाडून फिरायचे आणि सर मात्र सकाळी सकाळी गवतात उकिडवे बसून, दोन बोटांनी पाती बाजूला करून खालची माती बघायचे. मग खिडकीशी येऊन सांगायचे, "ताई, श्वास घेतंय बरं का आता." मी म्हणायचे, "ते घेतंय हो, पण तिकडं शेठचा श्वास अडकलाय." ते हसायचे नाहीत. गवताच्या बाबतीत त्यांना विनोद कळायचा नाही.

टिटवाळ्याच्या अलीकडे, कल्याणहून येणाऱ्या रस्त्याला लागून हे लॉन आहे. शेठ मूळचे तिथलेच, आगरी. आज जिथं नवरा-नवरी सिंहासनासारख्या खुर्च्यांवर बसतात तिथं त्यांच्या वडिलांची भाताची खाचरं होती. मी बुकिंगला बसते. स्वतःचं लग्न जमत नाही आणि दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नाच्या तारखा लिहून घ्यायच्या, त्यामुळे माझा स्वभाव फार गोड आहे असं कोणी म्हणत नाही. सर गवत बघायचे. त्यांना माळी म्हटलेलं चालायचं नाही, मॅनेजर ते नव्हते, तेव्हा सगळे त्यांना सर म्हणायचे.

खरं तर ते कधीच सर नव्हते. कल्याणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते असिस्टंट होते. बाटल्या भरायच्या, काचसामान धुवायचं, फुटलेलं झाडून काढायचं. उभी नोकरी पोरांनी त्यांना मामा म्हणून हाका मारल्या. रिटायर झाल्यावर ओळखीनं ते लॉनवर आले आणि पहिल्याच दिवशी झाडणाऱ्या मावशींनी त्यांना "ओ सर, जरा पाय उचला" म्हटलं. तेवढ्या एका हाकेवर हा माणूस या नोकरीला चिकटला असं माझं मत आहे, आणि ते मत मी त्यांना तोंडावर सांगितलेलंही आहे. "असेल," म्हणाले.

प्रयोगशाळेतली एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. परीक्षेला पोरांनी तीन वेळा प्रयोग करून तीन रीडिंग लिहायची असतात. हुशार पोरं कंटाळा करतात, एकदाच करतात आणि तोच आकडा खाली दोनदा उतरवतात. बाहेरून आलेले परीक्षक खूश व्हायचे, काय सुंदर हात आहे म्हणायचे. सर कोपऱ्यात फडकं घेऊन उभे असायचे आणि त्यांना सगळं कळलेलं असायचं. "तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी आली ना ताई, की समजायचं, पोरगं जवळ गेलेलंच नाही. खरोखर हात लावला की थोडंफार इकडंतिकडं होतंच." हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढं पुढं अर्धं वाक्य मीच पुरं करायचे.

मग शेठच्या भाच्यानं परदेशातून ते पिस्तूल आणलं. पिस्तूल हे आम्ही ठेवलेलं नाव. वस्तू म्हणजे पाण्याच्या पाइपच्या टोकाला बसवायची एक प्लास्टिकची बाटली. तिच्यात गवताचं लिक्विड खत भरायचं, आमच्याकडं त्याला औषधच म्हणतात. पाइप सोडून घोडा दाबला की पाण्याचा झोत जाता जाता बाटलीतलं औषध थोडं थोडं ओढून घेतो आणि दोन्ही मिसळून गवतावर पडतं. वर एक चकती असते, ती फिरवली की औषध कमीजास्त होतं. भाचा म्हणाला, "एकदम इझी आहे. लावायचं आणि मारायचं." शेठना पटलं. सरांची त्या एका वाक्यानं झोप उडाली.

त्यांचं म्हणणं असं, की चकतीवरचा आकडा परदेशातल्या पाण्याच्या दाबाचा. इथं आपली बोअर, आपली टाकी, आपला जागोजाग चिकटपट्ट्या मारलेला पाइप. तो आकडा इथं कसा चालेल? तेव्हा आधी बाटलीत औषध नाही, नुसतं पाणी भरायचं. मैदानावर रेघा मारतात त्या पांढऱ्या फक्कीनं गवतावर एक चौकोन आखायचा. आपल्या नेहमीच्या चालीनं तेवढाच चौकोन भिजवायचा आणि बाटलीतलं पाणी किती उतरलं ते बघायचं. एका चौकोनाला किती गेलं ते कळलं की सगळ्या लॉनला किती जाईल ते कळतं. जास्त जात असेल तर चकती मागं, कमी जात असेल तर पुढं, आणि पुन्हा पहिल्यापासून. औषध कमी पडलं तर गवत उपाशी राहतं, जास्त पडलं तर जळून पिवळं होतं. "आधी पाणी, मग औषध," सर म्हणायचे, आणि त्यांचं ते आधी काही संपायचं नाही.

शेठ खुर्ची टाकून बघत बसायचे. "काय रं सर, आज पन पानीच मोजतस काय? परवा लगीन हाय, परीक्षा नाय. जलमभर भात लावला आमी, कदी मोजलं नाय पानी."

"म्हणून आज भात नाही, शेठ."

मला वाटलं, गेली यांची नोकरी. पण शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. माणूस म्हणून शेठ वाईट नाहीत.

या मोजमापात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे चाल. पाण्याचा दाब तोच, चकती तिथंच, पण माणूस रेंगाळला तर तिथं जास्त औषध पडणार. म्हणून सर ज्या चपलांत मोजायचे त्याच चपलांत फवारायचे. एका लग्नात कोणीतरी त्यांच्या चपला घालून गेलं. लग्नाच्या ठिकाणी हे व्हायचंच, दुसरा माणूस चार शिव्या देऊन नव्या घेतो. सरांनी नव्या घेतल्या आणि फवारणी पुढं ढकलली. का, तर नवी चप्पल चावते, चावली की चाल बदलते. मग चप्पल मऊ होईपर्यंत हा माणूस सकाळ-संध्याकाळ लॉनला फेऱ्या मारतोय, आणि तिकडं हळदीची तारीख जवळ आलेली. मी खिडकीतून ओरडले, "सर, तुम्ही गवताला पाणी घालताय की चपलांना?" ते चालता चालताच म्हणाले, "बोलू नका, लय बिघडते."

मग धाकटे शेठ कामात लक्ष घालू लागले. शेठचा मुलगा. त्याच्या डोक्यात प्लास्टिकचं गवत होतं. रस्त्यावरच्या बाकी लॉनवाल्यांनी टाकलं होतंच. पावसाळ्यात चिखल नाही, टाचांनी खड्डे नाहीत, सांडलेला रस्सा पाइपनं धुऊन काढायचा. "पाणी नको, खत नको, सर नको," असं तो म्हणाला, हसत हसत म्हणाला, पण सरांच्या समोर म्हणाला. शेठनं मध्यस्थी केली. ठरलं असं, की पौष संपून माघातलं पहिलं लग्न उभं राहील तेव्हा गेटपासून स्टेजपर्यंत लॉन हिरवं दिसलं, तर गवत राहील आणि सरही राहतील. नाही दिसलं तर प्लास्टिक.

सरांना घरी बसायचं नव्हतं. घर चांगलं होतं, कल्याण पूर्वेला दोन खोल्या, काकू प्रेमळ. पण घरी त्यांना पुन्हा कोणी सर म्हणणार नव्हतं. माणसाला जगायला केवढं थोडं लागतं, आणि तेवढंही काढून घ्यायला लोक किती तत्पर असतात, हे मला त्या पौषात कळलं.

कारण स्टेजकडचा पट्टा जळत होता. सबंध लॉन हिरवं, आणि स्टेजच्या पुढ्यात, जिथं लोक आहेर द्यायला रांग लावतात तिथं, पिवळा पट्टा. दर फवारणीनंतर तोच. सरांनी पट्टा उकरून लावला, पाणी दिलं, गवत परत आलं, फवारलं, परत जळलं. गेटजवळ चौकोन आखून मोजावं तर माप बरोबर.

मग संशय सुरू झाले. आधी केटरर. कढईतलं उरलेलं तेल हा इथंच ओततो, असं म्हणून सरांनी माती हुंगली. केटरर म्हणाला, "सर, पौष चालूय, मी इथं आलोयच कधी?" मग डेकोरेशनवाल्यांच्या रंगावर आळ आला. मग जनरेटरच्या धुरावर. मग शेठच्या कुत्र्यावर, ते बिचारं म्हातारं, उन्हात स्टेजखाली झोपलेलं असायचं. शेवटी पाण्याच्या दाबावर आले. टाकी भरलेली असताना, अर्धी असताना, पंप चालू असताना, बंद असताना, सगळं करून झालं. प्रत्येक वेळी गेटजवळचा चौकोन बरोबर. सर रोडावत चालले. डबा तसाच परत न्यायचे.

मला खिडकीतून सगळं लॉन दिसतं. सर फवारायला निघाले की गेटकडून झपझप येतात. लॉन निम्मं झालं की पावलं छोटी होतात. स्टेज जवळ आलं की ते चिखलातून चालल्यासारखे चालतात, चप्पल जमिनीला घासत जाते. आणि उजव्या हातात पिस्तूल, तर डावा हात नुसता लटकतो, मागंपुढं होत नाही. मी ते कितीतरी वेळा पाहिलं होतं. वय झालंय, दुसरं काय, असं वाटायचं. चाल आणि पट्टा ही दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होती आणि तरी एकमेकांशी जोडली गेली नव्हती. एका सकाळी ती जोडली गेली.

मी बाहेर येऊन म्हटलं, "सर, रागावू नका. स्टेजजवळ तुम्ही हळू होता."

"मी?" ते खरोखरच रागावले. "माझी चाल ठरलेली आहे, ताई. बघा तो चौकोन."

"चौकोन तुम्ही गेटजवळ आखता. नळ तिथं आहे म्हणून. स्टेजजवळ कधी आखलाय?"

ते वळले. फक्कीचा डबा घेतला आणि गेटपासून स्टेजपर्यंत एकापुढं एक चौकोन आखत गेले. बाटलीत नुसतं पाणी भरलं. मला मार्कर दिला. म्हणाले, "माझ्या बाजूनं चाला. प्रत्येक रेघ ओलांडली की बाटलीवर पाण्याच्या उंचीला खूण करा. मला सांगू नका." आम्ही निघालो. गेटकडच्या खुणा बोट बोट अंतरानं पडल्या. मध्यावर दीड बोट. पुढं दोन. शेवटचा चौकोन यायच्या आधीच बाटली रिकामी झाली.

सर बराच वेळ त्या खुणा बघत होते. मग म्हणाले, "बाटलीचाही दोष असू शकतो. आता तुम्ही मारा." बाटली पुसून भरली आणि या वेळी मार्कर त्यांनी घेतला. मी गेटपासून स्टेजपर्यंत चालत गेले. सर मागं मागं येत होते, खूण करायला मला घोडा सोडून थांबावं लागत होतं. माझ्या खुणा जवळजवळ सारख्या पडल्या, जरा इकडंतिकडं.

ते स्टेजच्या पायरीवर बसले. "म्हणजे बाटली बरोबर आहे," म्हणाले. "चकती बरोबर. दाब बरोबर."

मी पिस्तूल पायरीवर ठेवलं. 

"ताई, मी कसा चालतो? करून दाखवा."

"जाऊ द्या ना, सर."

"करून दाखवा. मला कसं दिसणार ते?"

मग मी करून दाखवलं. गेटकडून झपझप आले, मध्यावर पावलं आखडली, शेवटी चप्पल घासत, डावा हात लाकडासारखा लोंबता ठेवून त्यांच्यापर्यंत गेले. असली वाईट नक्कल मी आयुष्यात कोणाची केलेली नाही. ते डोळे बारीक करून बघत होते, प्रयोगशाळेतल्या काचेच्या बुरेटमधलं पाणी कुठल्या रेघेवर आलंय ते बघावं तसे.

"हात असाच? कायम?"

"हो."

"आणि पाय?"

"पायही."

"बरं," सर म्हणाले. त्यांनी उठून पाइप गुंडाळायला घेतला आणि मी ऑफिसात जाऊन दार लावून रडले.

कल्याणच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हात थरथरत नाहीत तरी कसा, असं सरांनी विचारलं म्हणे, तर डॉक्टर म्हणाले, काहींना थरथर येतच नाही, माणूस नुसता मंद होत जातो. गोळ्या सुरू झाल्या. गोळीचा असर काही वेळ टिकायचा आणि उतरायचा. सर मला म्हणाले, "सकाळी बरा असतो, ताई. दुपारनंतर स्टेजकडचा पट्टा सुरू होतो." त्यांच्या आजारपणातलं हे एवढंच एक वाक्य ते जरा हसून बोलले, आणि मला ते आजही सहन होत नाही.

पुढची फवारणी मी केली. चकती माझ्या चालीवर नव्यानं लावली, माझ्याच चपलांत. पुन्हा आधी पाणी, पुन्हा चौकोन, या वेळी दोन गेटकडं आणि दोन स्टेजकडं. सर खुर्चीत बसून "रेंगाळू नका, पळू नका" एवढंच म्हणत होते. शेठ येऊन बघून गेले. पट्ट्यात कोंब आले. आधी विरळ, पोपटी, मग दाटायला लागले. सर रोज तिथं जाऊन बसायचे. मला वाटलं, जमलं. एवढं तरी या माणसाला मिळालं.

माघातल्या पहिल्या लग्नाच्या आधी टेम्पो आला. आत प्लास्टिकच्या गवताच्या गुंडाळ्या. धाकटे शेठ म्हणाले, "सर, गवत आलंय, मी नाही कुठं म्हणतो? पण ऑर्डर आधीच गेलेली. आणि आता तुमची तब्येत... उद्या परत जळलं तर मी कोणाच्या तोंडाकडं बघू?" सरांनी शेठकडं पाहिलं. शेठ कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. "पोरांचं राज हाय आता, सर," म्हणाले. "मना कोन इचारतंय?"

"खालचं काढणार नाही का?" सरांनी विचारलं.

"कशाला? मरेल आपोआप," टेम्पोतली माणसं म्हणाली आणि गुंडाळ्या सोडायला लागली.

"थांबा. आधी पाणी."

कोणालाच कळलं नाही काय म्हणतात ते. सरांनी पाइप ओढला. पिस्तूल लावलं नाही, नुसता पाइप. गेटपासून सुरुवात केली. माणसं गुंडाळ्यांवर बसून तंबाखू मळत बघत राहिली. मध्यावर सरांची पावलं आखडली, पुढं पाय ओढत गेले, स्टेजकडच्या पट्ट्यावर तर पाऊल उचलेचना. मी धरायला धावले. म्हणाले, "असू दे, ताई. नुसत्या पाण्यानं जळत नाही." पट्टा भिजवून झाल्यावर त्यांनी नळ बंद केला आणि ते रिक्षात बसून स्टेशनला गेले. मग त्या ओल्या, जिवंत गवतावर प्लास्टिक अंथरलं गेलं. मला त्या दिवशी ही जागा सोडायची होती. सोडून कुठं जाणार होते?

आता सर अंथरुणावर असतात. बोलणं हळू झालंय, शब्द ओठातच राहतात. काकू म्हणतात, मधलं मधलं पुसलं जातंय. टेम्पो आलेला त्यांना आठवत नाही. लॉन आठवतं, फक्कीचे चौकोन आठवतात, आणि मी. कधी कधी काकू फोन लावून त्यांच्या कानाशी धरतात. मी भेटायला गेले की ते माझ्या चपलांकडं बघतात.

परवा फोन आला. बाहेर लग्नाची तयारी चालू होती. गेटपासून स्टेजपर्यंत प्लास्टिक पाइपनं धुऊन चकचकीत केलेलं. काकू आधी हळूच म्हणाल्या, "पट्ट्याचं विचारतायत गं सकाळपासून. हिरवा आहे म्हण. तेवढंच बरं वाटेल."

मग सरांचा आवाज आला, खूप लांबून. "ताई... स्टेजकडं?"

"हिरवं आहे, सर," मी म्हटलं. त्यांना आनंद व्हावा म्हणून खिडकीतून बघत बघत आणखी सांगितलं, "गेटपासून स्टेजपर्यंत एकसारखं. कुठं म्हणजे कुठं फरक नाही."

पलीकडं फोन सरकल्याची खरखर आली, काकूंनी तो पुन्हा त्यांच्या कानाशी धरला असावा.

"अगदी... सारखं?"

"हो, सर. अगदी."

त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग एक एक शब्द आला. "मग ताई... जवळ... कोणी गेलेलंच नाही."